अंड्याचा काही दोष नव्हता

सगळ्यात आधी मी अंड्याच्या बाजूनं बोलणार आहे. आमच्या घरात त्याच्या बाजूनं कधी कुणी बोललंच नाही. आणि मी तर कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हते, स्वतःच्यासुद्धा नाही. आता बोलते. आता इतकी बोलते की आमचे वर्गशिक्षक म्हणतात, "राजनंदिनी, मधीमधी श्वास घे बाई."

तर मी राजनंदिनी. बोरीला राहते, दहावीला आहे. घरी मला नंदी म्हणतात. माझी मैत्रीण निकिता मला नंदीबैल म्हणायची, कारण कुणी काहीही विचारलं तरी मी नुसती मान हलवायचे. "बरी हाईस का?" मान. "राग आलाय का?" मान. "म्हंजे न्हाई आला?" परत मान. निकिता म्हणायची, "हिला म्हणा, तुमचं घर जळायलंय. तरी मानच हलवील!"

पण मी मुद्दाम करत नव्हते हो. मला खरंच कळायचं नाही. हा राग आहे आणि हे वाईट वाटणं आहे, हे बाकीच्यांना आतून कसं कळतं याचंच मला नवल वाटायचं. मला आपलं एवढंच कळायचं की मान अवघडलीय, नाहीतर पोटात डचमळतंय. ते डचमळणं भुकेचं की भीतीचं, देव जाणे. एकदा गॅदरिंगच्या दिवशी मी ते भुकेचं समजून पोटभर बटाटेवडे खाल्ले. स्टेजवर गेल्यावर कळलं, ती भूक नव्हती. पुढचं सांगत नाही. पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते.

आणि तब्येत तर काय वर्णावी! वर्गात कुणी शिंकलं की सर्दी मला. तोंड आलेलं, ओठाच्या कोपऱ्यात ताप फुटलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पित्त. बसल्या जागी अंगावर लालबुंद गांधी उठायच्या आणि अशी खाज सुटायची की काय सांगू. मग झुंबरआत्या मला आमसुलाचं पाणी चोळायची आणि भर उन्हात घोंगडीत गुंडाळून बसवायची. घोंगडीनं खाज कमी होते असं तिचं म्हणणं. एक खाज विसरायला दुसरी खाज, एवढाच त्याचा अर्थ.

आता अंड्याकडं येते. माझे आई-अण्णा ऊस तोडायला जातात. दसऱ्याच्या सुमाराला नागनाथ मुकादम घरी येतो. कोण कोण येणार, कोणत्या कारखान्यावर जायचं, गाडी कधी निघणार, हे सगळं ठरवून जातो. माणूस वाईट नाही, माझ्यासाठी खारे शेंगदाणे आणतो. तो आला की आई अंड्याचं कालवण करायची, आणि त्याच संध्याकाळी माझ्या अंगावर गांधी! दरवर्षी. मग काय, सगळ्यांचं एकमत झालं की हिला अंडं बाधतं. अंडं बंद. तेव्हा शाळेत आठवड्याला एक अंडं मिळायचं. माझंही निकिताच खायची. तिचे गाल जे आज गुबगुबीत दिसतात, त्यात माझा वाटा आहे.

मुकादमावर कुणाला संशय आला नाही. तो तर खायची वस्तू नव्हता.

दिवाळीनंतर आई-अण्णा गेले की मी आत्याकडं राहते. तिचं सासर आमच्याच गावात आहे. तिचे मालक, म्हणजे माझे मामा, वारले, पोरगा पुण्याला कंपनीत. घरात ती आणि तिची म्हैस शेवंती. मागच्या हिवाळ्यात मला तापानं असं धरलं की आठवडाभर उठता येईना. आईचा फोन आला की मी म्हणायचे, "बरं हाय." शेवटी गावातल्याच कुणीतरी तिला कळवलं. आई तोडणी सोडून, मिळेल त्या गाडीनं धावत आली. माझ्याकडं बघितलं आणि रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "तू सांगत कामून न्हाईस गं काही?"

मी मान हलवली.

आणि या वर्षी दहावी! उन्हाळ्यातच आईनं सांगून ठेवलं, "नंदे, ऐक. गाडी निघायच्या वक्ताला जर तुझ्या अंगावर काही उठलेलं दिसलं, तर दहावी-बिहावी काही न्हाई. माझ्यासंगं यायचं. पाचटाच्या कोपीत का व्हईना, डोळ्याम्होरं तरी राहशील. मी तिकडं ऊस तोडू का हिकडं तुझा घोर करू?"

अण्णांनी मान डोलावली. म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं.

मला दहावी करायचीच होती. विज्ञानात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडतात, हे मी आता उघड सांगते, आधी सांगायचे नाही. पण ज्याचं कारणच माहीत नाही ते अंगावर उठू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं?

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. आत्यानं शेवंतीची दूध पिणारी वगार पेडगावच्या पाहुण्यांना विकली, आणि शेवंतीनं पान्हा सोडायचंच बंद केलं. धार काढायला बसलं की पाय झाडायची. आत्यानं तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, पण काही फरक पडला नाही. मग जनावरांच्या दवाखान्यातल्या रेणुका मॅडम आल्या. नवीन आल्यात, स्कुटीवर फिरतात, गमबूट घालून.

"काय होतंय हिला?" त्यांनी विचारलं.

"काय की माय, नजर लागली कुणाची," आत्या म्हणाली.

मला राहवलं नाही. "मॅडम, रवंथ कमी करायली ती. डावा कान पाडून उभी राहती. पेंड खाती, पण कडबा हुंगून सोडती. नाकपुडी कोरडी हाय. आन वगार जिथं बांधायचो त्या खुंट्याकडं तोंड करूनच बसती. आपण दावं हलवलं की हंबरती."

मॅडमनी शेवंतीला सगळीकडून तपासलं. ताप नाही, पोट ठीक. मग म्हणाल्या, "तिचं लेकरू गेलंय. ती दुःखात आहे. काही दिवस धारेच्या वेळी तिच्याशी बोला, पाठ कुरवाळा. येईल वळणावर." आणि माझ्याकडं वळल्या. "किती छान सांगितलंस गं! जनावर बोलत नाही, म्हणून आम्हाला त्याचं अंग वाचावं लागतं. तुला ते येतं. बरं, आता तुझं सांग."

"माझं काय?"

"हातावर हे काय उठलंय?"

"काही न्हाई."

"म्हशीचं डाव्या कानापर्यंत सगळं माहीत, आणि स्वतःचं काही न्हाई?"

आत्या मधी पडली. "ते अंड्यानं होतंय तिला."

"आज अंडं खाल्लं का?"

"छे! वरीस झालं असंल."

"मग आज कसं उठलं?"

आत्यानं जरा विचार केला. "जुनं असंल. अंगात राहिलेलं."

मॅडम इतक्या हसल्या की शेवंतीनं दोन्ही कान उभे केले. मग त्या म्हणाल्या, "हे बघा आत्या, मी जनावरांची डॉक्टर. माणसाला औषध मी देऊ शकत नाही. पण हिला परभणीला न्या, सरकारी दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरांकडं. आणि तिथं गेल्यावर नंदी, शेवंतीचं सांगितलंस ना, तसंच स्वतःचं सांग. अंगापासून सुरुवात कर."

आईला कळू न देता आम्ही दोघी एस.टी.नं परभणीला गेलो, तिला कळलं असतं तर दहावी गेलीच असती. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कधी कधी उठतं? मी आठवून आठवून सांगितलं. मुकादम येतो तेव्हा. गाडी निघते तेव्हा. हंगाम संपवून आई परत येते तेव्हासुद्धा. आणि परवा, शेवंतीची वगार नेली त्या दिवसापासून.

"त्या वेळी तुला कसं वाटतं?"

"पोटात डचमळतं."

"ते पोटाचं झालं. तुला कसं वाटतं?"

मी आत्याकडं बघितलं. आत्यानं वर पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

मग त्या बाई, बाहेर एवढी रांग असताना, मला समजावून सांगत बसल्या. याबद्दल मी त्यांचे उपकार कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "तुझं गाव कोणतं? बोरी ना. मग गावातली कुत्री तुला माहीत असतील. रात्री कुणी आलं की भुंकतात. घरातून कुणी म्हणालं, 'गप रे, आपलंच माणूस आहे,' की गप्प बसतात. पण कुणी काही सांगितलंच नाही तर? रात्रभर भुंकतात, घरच्याच माणसाच्या पायाला चावतात, आणि पहाटे खरा चोर येतो तेव्हा दमून झोपलेली असतात. आपली प्रतिकारशक्ती म्हणजे अशी राखण करणारी कुत्री समज. काही जणांना आत आलेली भावना ओळखता येत नाही. भीती आली, राग आला, पण कोण आलंय ते सांगणारं घरात कुणी नाही. मग अंगावरचा ताण उतरत नाही, आणि अशा माणसांच्या प्रतिकारशक्तीचं काम जरा बिनसतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. अजून शोध चालू आहे. तुझंही नक्की तेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. गोळी देते, ती न चुकता घ्यायची. पण कोण आलंय हे ओळखायला शिकलीस तर नुकसान तरी काय?"

भावना न ओळखता येण्याला इंग्रजीत नावसुद्धा आहे. अलेक्सिथायमिया. ते मी तोंडपाठ केलं आणि वर्गात ऐटीत सांगितलं. निकिता म्हणाली, "नंदीबैल सोपं पडतं."

"आन अंडं?" आत्यानं जाता जाता विचारलं.

"पुढच्या वेळी उकडून घेऊन या. इथं माझ्यासमोर खाऊ दे."

पुढच्या वेळी आत्या ते अंडं स्टीलच्या डब्यात घालून, डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून, एस.टी.त अशी बसली जशी काही आत नाग आहे. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय जपायलाव एवढं?"

"इख हाय बाबा. पोरीला द्यायचंय."

कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन पडता पडता राहिलं. "डॉक्टरच्या म्होरं!" आत्यानं खुलासा केला, त्यानं तर तो अजूनच घाबरला.

दवाखान्यात मी ते अंडं खाल्लं. मीठ नव्हतं तरी काय चव होती म्हणून सांगू! मग बाकावर बसलो. आत्या माझ्या हाताकडं टक लावून. दुपार झाली. काही उठलं नाही. एक गांध नाही, साधी खाजसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंड्याचा काही दोष नाही." आत्यानं रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या निकितानं फुकटच खाल्ले की गं सगळे!"

त्या दिवसापासून आमची नवी रीत सुरू झाली. संध्याकाळी मी आत्याच्या गोठ्यात जायचे. आत्या धार काढता काढता आधी शेवंतीचं सांगायची: आज कान वर, रवंथ चांगली. मग म्हणायची, "म्हशीचं झालं. आता तुझं."

आणि मी मॅडमनी सांगितल्यासारखं अंगापासून सुरू करायचे. "मान अवघडली. दात आवळलेले. गणिताच्या तासानंतर."

"गणिताच्या तासाला काय झालं?"

"सरांनी निकिताची वही सगळ्यांना दाखवली. चांगली लिहिली म्हणून. माझी पण चांगलीच व्हती."

आत्यानं धार थांबवली. "अगं, जळायलीस तू!"

"व्हय?" मी उडालेच. मान, दात, पोट, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. "व्हय की! आत्या, मी जळायले!"

आयुष्यात पहिल्यांदा मी एक भावना रंगेहाथ पकडली होती! मी तशीच पळत निकिताच्या घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "निक्की, मला तुझा लय हेवा वाटला आज!"

तिची आई पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. निकिता म्हणाली, "आई, काही न्हाई. नंदीबैलाला वाचा फुटली."

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो! हेव्याचं काही उरलंच नाही. कोण आलं ते कळलं, आणि कुत्रं गप्प बसलं.

मग मी आत्याच्या मागं लागले. "आता तुझं सांग."

"माझं काय. बरं हाय."

"आत्या! म्हशीचं डाव्या कानापर्यंत..."

"गप गं." असं पुष्कळ दिवस चाललं. एका संध्याकाळी शेवंतीनं पहिल्यासारखा पान्हा सोडला, बादलीत फेस चढला, आणि आत्या तिच्या पोटाला कपाळ टेकवून म्हणाली, "वगार विकायची नव्हती मला. पोरगा म्हणला, दोन जनावरं तुला झेपत न्हाईत. मी बरं म्हणले." बस, एवढंच. पण त्या दिवशी तिनं मला चहाला जरा जास्तच साखर घातली, आणि स्वतःलाही.

दसऱ्याला नागनाथ मुकादम आला. आईनं कालवण केलं. मी ताट पुढं ओढलं आणि दोन अंडी वाढून घेतली. आई ओरडायलाच लागली, मुकादम पण म्हणाला, "पोरी, जपून." पोटात डचमळलं. मी गोठ्यात जाऊन शेवंतीच्या कानात सांगितलं, "भीती वाटायली. मला घेऊन जातील का काय म्हणून." अंगावर काही उठलं नाही. (गोळी पण चालू होती, खोटं कशाला बोलू.) मला वाटलं, जिंकले!

पण गाडी निघायच्या सकाळी उठले तर गळ्यावर, कानामागं, दंडावर गांधीच गांधी. ट्रॅक्टर मारुतीच्या देवळासमोर उभा. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, एक शेळी. मी दप्तर पाठीला लावलं, गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळली आणि गेले.

आमच्याकडं एक रीत आहे. तोडणीला निघालेल्या माणसासमोर रडायचं नाही. डोळ्यात पाणी आलं तर वाटेत घात होतो म्हणतात. म्हणून हातावर दही-साखर ठेवायची, आणि गाडी ओढ्यापलीकडं जाईपर्यंत सगळ्यांनी हसायचं, चेष्टा करायची. मी बोबडं बोलायचे तेव्हापासून हसत उभी राहिलेय. सगळे कौतुक करायचे, नंदी किती शहाणी, एक टिपूस काढत नाही.

आईनं दही चाटलं. ट्रॉलीत चढून बसली. तिला दरवर्षी गाडी लागते, म्हणून तोंडाशी लिंबू धरलेलं. "अंगावर काही न्हाई ना गं?" तिनं वरून विचारलं.

मान हलवणं किती सोपं होतं! ओढणी होती. गाडी निघाली असती, मी शाळेत गेले असते, दहावी वाचली असती. पण माझ्या अंगावरची ती सगळी कुत्री इतकी भुंकत होती, आणि मला आता माहीत होतं कोण कोण आलंय. मी ओढणी काढली.

"उठलंय आई. बघ. अंड्यानं न्हाई. तू जायलीस म्हणून मला भ्या वाटायलंय. आन तुझा राग पण आलाय, दरवर्षी येतो, मला माहीतच नव्हतं. आन तुझ्यासंगं यायचं न्हाई मला, दहावी करायचीय. आन तरी तू जाऊ नको वाटायलंय. समदं एकदमच हाय."

आणि मी भोकाड पसरलं. देवळासमोर. सगळ्या गावादेखत!

"ए पोरी! गाडीम्होरं रडू नये!" मुकादम ओरडला. एक म्हातारी म्हणाली, "अपशकुन केला गं बाई." आत्या तिच्यावर खेकसली, "गप बसा की. सांगू द्या तिला."

आई ट्रॉलीवरून खाली उतरली. अण्णांना वाटलं, ती माझं दप्तर घ्यायलाच उतरली. मलाही तेच वाटलं. ती जवळ आली, माझ्या गळ्यावरच्या गांधींवरून थंडगार बोटं फिरवली, आणि तिच्या डोळ्यातून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना.

"मला ह्या उठण्याचं भ्या न्हाई गं," ती म्हणाली. "तू सांगत नव्हतीस, त्याचं भ्या व्हतं. तिकडं दूर बसून मला कसं कळावं? आता सांगितलंस तसं फोनवर सांगशील? रोज?"

"अंगापासून सुरू करीन," मी म्हणाले.

"सगळं सांगायचं. बरं हाय म्हणलीस तर मी परत येईन आन चोप दीन."

"आन तू? तू पण सांगायचं."

आई हसली, डोळे पुसत. "मला कुठं काय होतंय? नुसती गाडी लागती दरवर्षी."

"आई," मी म्हणाले, "ट्रॅक्टरची गाडी कुणाला लागती गं? तीही उघड्या ट्रॉलीत?"

मग तिनं हातातलं लिंबू माझ्या हातात दिलं आणि ट्रॉलीत चढली. माझं दप्तर माझ्याकडंच राहिलं. गाडी ओढ्यापलीकडं गेली. मी रडत होते आणि हात हलवत होते, आई पण रडत होती आणि हात हलवत होती, आणि गाडीला काहीही झालं नाही. हे मी त्या म्हातारीला नंतर जाऊन सांगून आले.

आता बोर्डाची परीक्षा जवळ आलीय. मी ठणठणीत आहे असं नाही. पित्त अजून मधीमधी उठतं, सर्दी एकदा झाली, गोळी चालू आहे. पण तापानं अंथरूण धरलं नाही आणि शाळा बुडाली नाही. संध्याकाळी धारेच्या वेळी आईचा फोन येतो. आत्या फोन स्पीकरवर टाकून शेवंतीच्या पाठीवर ठेवते. आधी म्हशीचं, मग माझं, मग आत्याचं. रेणुका मॅडम कधी त्या वेळेला आल्या तर त्यांचंही. काल त्या म्हणाल्या, "आज मला कंटाळा आलाय," आणि आत्यानं लगेच त्यांना चहा टाकला.

काल शेवटी मी विचारलं, "आई, आता तुझं."

पलीकडून उसाच्या पाचटाचा आवाज येत राहिला. मग आई म्हणाली, "आज फडात एकीचं लेकरू शाळेतलं गाणं म्हणायलं. माझा घसा दुखायला लागला. आधी वाटलं, धूळ गेली."

"मग?"

"धूळ नव्हती गं," आई म्हणाली. "तू व्हतीस."